‘मला समजेल अशा भाषेत’ : पावलाच्या शस्त्रक्रियेतील वेदनाहरण आणि संमतिपत्राची मराठी

१

समीक्षेचा विषय म्हणजे ललित वाङ्मय, असा संकेत आपल्या विद्यापीठीय अभ्यासात रूढ झालेला आहे. कविता, कथा, कादंबरी, नाटक ह्यांच्यापलीकडे आपण गेलोच, तर फार तर चरित्र आणि निबंध ह्यांच्यापर्यंत जातो. ह्या संकेताचा एक परिणाम असा झाला आहे, की ज्या मराठी गद्याखाली असंख्य माणसे आपली सही अथवा अंगठा उमटवितात, त्या गद्याकडे मराठीच्या अभ्यासकाचे लक्ष सहसा जात नाही. रुग्णालयातील संमतिपत्र हे असे गद्य होय. त्याचा लेखक अज्ञात असतो, त्याला आवृत्ती नसते, आणि रसिक तर नसतोच. तथापि ह्या गद्यातील एखादा शब्द वाचकाला कळला नाही, तर त्याची किंमत त्याला स्वतःच्या देहाने मोजावी लागते. असे दुसरे मराठी गद्य शोधूनही सापडणे कठीण.

प्रस्तुत लेखात ह्या गद्याचा एक लहानसा भाग परीक्षणासाठी घेतला आहे. पाऊल आणि घोटा ह्यांवरील शस्त्रक्रियेनंतरच्या वेदना शमविण्यासाठी मज्जातंतूंच्या भोवती औषध टोचून जी योजना करतात, जिला वैद्यक व्यवसायात सरसहा ‘नर्व्ह ब्लॉक’ म्हणतात, तिचे वर्णन मराठीत कोणत्या शब्दांत केले जाते आणि त्या शब्दांतून रुग्णाला नेमके काय कळते, एवढाच येथील प्रश्न आहे. कोणत्याही एका रुग्णालयाच्या छापील पत्रकाचा हा न्यायनिवाडा नव्हे. ज्या शब्दांचा आणि वाक्यरचनेचा विचार येथे केला आहे, ती ह्या लेखनप्रकाराची सर्वसाधारण मालमत्ता आहे.

हा विषय मुंबईच्या उपनगरांत विशेष अर्थपूर्ण ठरतो. अंधेरी-बोरिवलीकडचा काय किंवा घाटकोपर-मुलुंडकडचा काय, येथील माणसाचा दिवस पावलांवर सुरू होतो. घरापासून स्थानकापर्यंतचे अंतर, पुलाचे जिने, गाडीतील उभ्याने केलेला प्रवास, आणि परतताना हेच सारे उलट क्रमाने. पावसाळ्यात निसरड्या पायरीवर घोटा मोडला, म्हणजे एक हाड मोडते एवढेच होत नाही. घरची मिळकतच काही महिने जायबंदी होते. विलेपार्ल्याचे कूपर किंवा घाटकोपरचे राजावाडी ह्यांसारख्या महापालिकेच्या रुग्णालयांत येणारी माणसे मालवणी, गुजराती, हिंदी, तेलुगू अशा अनेक बोलींतून विचार करणारी असतात, आणि त्यांपैकी पुष्कळांच्या दृष्टीने छापील मराठी हीच रुग्णालयाशी बोलण्याची सामाईक भाषा असते. तिच्यावर पडणारा भार म्हणूनच अधिक आहे.

२

शब्दांचे परीक्षण करण्यापूर्वी ते शब्द ज्या वस्तूचे वर्णन करतात ती वस्तू स्पष्ट असली पाहिजे. पावलाला संवेदना पुरविणारे मज्जातंतू पाच. त्यांपैकी चार हे मांडीच्या मागून उतरणाऱ्या सायटिक ह्या एकाच जाड मज्जातंतूच्या शाखा-उपशाखा आहेत. पाचवा, आतल्या घोट्याकडील त्वचेचा सांभाळ करणारा, मांडीच्या पुढल्या अंगाच्या फीमोरल मज्जातंतूपासून निघतो. शस्त्रक्रिया चवड्याची किंवा बोटांची असेल, तर घोट्याभोवती ह्या पाच मज्जातंतूंना एकेक गाठून औषध देता येते. शस्त्रक्रिया घोट्याची असेल, तर गुडघ्यामागच्या लवणीत, जेथे सायटिक मज्जातंतू दुभागतो तेथे, औषध सोडतात आणि पाचव्या मज्जातंतूचा बंदोबस्त निराळ्या सुईने करतात. गेल्या दोन-तीन दशकांत ध्वन्यातीत लहरींच्या यंत्रामुळे, म्हणजे सोनोग्राफीमुळे, सुईचे टोक आणि मज्जातंतू ही दोन्ही पडद्यावर पाहत हे काम करता येऊ लागले. १९४३ मध्ये स्वीडनमध्ये सिद्ध झालेले लिग्नोकेन दोन-तीन तास टिकते. १९५७ मधील ब्युपिव्हकेन आणि त्यानंतरचे रोपिव्हकेन ह्यांचा परिणाम मोठ्या मज्जातंतूवर आठ-दहा तासांपासून सुमारे चोवीस तासांपर्यंत राहतो.

भारतात ह्या योजनेचे महत्त्व आणखी एका कारणाने वाढते. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यानंतर मॉर्फिन बाळगण्याचे आणि देण्याचे नियम इतके गुंतागुंतीचे झाले, की अनेक रुग्णालयांनी ते ठेवणेच सोडून दिले. २०१४ च्या दुरुस्तीने ती वाट काहीशी मोकळी केली. पण दीर्घकाळ पडलेली सवय कायद्याबरोबर बदलत नाही. अशा परिस्थितीत मोडलेल्या घोट्याची पहिली रात्र सुसह्य करणारा हा उपाय चैनीचा मानता येत नाही.

येथे एका ऐतिहासिक प्रसंगाचे स्मरण करणे उचित ठरेल. १६ ऑगस्ट १८९८ रोजी जर्मनीतील कील येथे आउगुस्ट बीअर ह्या शल्यवैद्याने कण्यातून कोकेन देऊन पहिली शस्त्रक्रिया केली. रुग्ण चौतीस वर्षांचा मजूर होता आणि शस्त्रक्रिया क्षयाने पोखरलेल्या घोट्याची होती. थोड्याच दिवसांनी बीअरने आणि त्याच्या हिल्डेब्रांट नावाच्या साहाय्यकाने हा प्रयोग स्वतःच्या देहांवर करून पाहिला. हिल्डेब्रांटच्या पायांवर सुई टोचली, जळती सिगार टेकवली, नडगीवर लोखंडी हातोडा मारला, आणि प्रत्येक वेळी त्याला काय वाटले ते मिनिटांच्या हिशेबाने लिहून ठेवले. १८९९ मध्ये प्रसिद्ध झालेला तो वृत्तान्त वैद्यकाच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. परंतु गद्याचा नमुना म्हणूनही तो विचार करण्याजोगा आहे. सुईचा दाब कळला, वेदना झाली नाही. सिगारची ऊब कळली, वेदना झाली नाही: अशा साध्या विधानांचा तो क्रम आहे. दाब, उष्णता आणि वेदना ह्या तीन निरनिराळ्या संवेदना आहेत, हे त्या लेखकाने एकाही पारिभाषिक शब्दाचा आधार न घेता वाचकापुढे ठेवले. आणि परिणाम ओसरल्यावर हिल्डेब्रांटच्या ठेचलेल्या नडग्या दुखू लागल्या, हेही त्याने लपविले नाही.

ह्या वृत्तान्तातून तीन गोष्टी निघतात. एक, वेदना जाते तेव्हा सर्वच संवेदना जातात असे नाही. दोन, हा परिणाम कालबद्ध आहे. तीन, काळ संपला की वेदना परत येते, आणि मधल्या काळात जे सोसले गेले नाही त्याची जाणीव एकदम होते. आजच्या वैद्यकात ह्या तिसऱ्या गोष्टीला ‘रिबाउंड पेन’ असे नाव मिळालेले आहे. मराठीत तिला ‘उलटलेली कळ’ म्हणता येईल. आपल्या संमतिपत्राच्या मराठीची कसोटी ह्या तीन गोष्टी ती सांगू शकते की नाही, ही होय.

३

प्रथम ‘भूल’ हा शब्द घेऊ. हा शब्द मराठीने घडविलेल्या सुंदर वैद्यकीय शब्दांपैकी एक आहे, यात संशय नाही. विसर, चूक, मोहिनी, रानात वाट चुकविणारा चकवा अशा अर्थच्छटा बाळगणारा हा घरगुती शब्द क्लोरोफॉर्मच्या गुंगीला चिकटला आणि इतका मुरला, की ‘भूलतज्ज्ञ’ हा सामासिक शब्द आज कोणालाही खटकत नाही. परंतु शब्दाचे सौंदर्य ज्या अर्थात आहे, त्याच अर्थात येथे त्याची अडचण आहे. भूल म्हणजे भान हरपणे. मज्जातंतूभोवती औषध दिलेल्या रुग्णाचे भान मात्र हरपत नाही; त्याचे केवळ पाऊल त्याच्यापासून तात्पुरते दुरावते. ‘आपल्याला भूल देण्यात येईल’ हे वाक्य वाचून आत गेलेला माणूस शस्त्रक्रियागृहात जागा राहिला, डॉक्टरांचे बोलणे त्याच्या कानांवर पडू लागले, म्हणजे भूल ‘चढली नाही’ असे त्याला वाटते आणि तो घाबरतो. बरे, हा ब्लॉक कधी मुख्य भुलेच्या ऐवजी दिला जातो, तर कधी संपूर्ण भूल किंवा कण्यातील इंजेक्शन ह्यांच्या जोडीला, केवळ नंतरच्या वेदनांसाठी दिला जातो. एकच शब्द दोन्हींना लावला, म्हणजे ‘एकदा भूल दिली, मग पुन्हा कशासाठी?’ हा रुग्णाचा प्रश्न अगदी रास्त ठरतो.

‘भूल’ टाळणारा लेखक बहुधा ‘बधिर’ ह्या शब्दाकडे वळतो. बधिर म्हणजे मुळात बहिरा. कानाचा हा दोष त्वचेला लावणे ही एक अर्थपूर्ण लक्षणा आहे, आणि ती मराठीत पूर्णपणे रुळली आहे. तथापि ह्या शब्दाविषयी दोन आक्षेप घेतले पाहिजेत. पहिला असा, की बहिरेपणा जसा सर्व ध्वनींचा अभाव सुचवितो, तसा ‘बधिर’ हा शब्द सर्व संवेदनांचा अभाव सुचवितो. बीअरने जो भेद दाखविला तो येथे पुसला जातो. शल्यवैद्याचा हात पावलावर टेकल्याचे, पाऊल हलविल्याचे, काहीतरी ओढल्याचे रुग्णाला कळू शकते. पण ते दुखत नाही. ‘बधिर’ शब्दाने ज्याला संपूर्ण शून्याचे वचन दिले आहे, त्याला हा पहिला स्पर्शच वचनभंगासारखा वाटतो. मराठीत ‘कळणे’ आणि ‘कळ’ हे दोन शब्द जवळजवळ नांदतात. त्यांचा व्युत्पत्तीचा संबंध काहीही असो, ‘कळेल, पण कळ येणार नाही’ हे वाक्य घाटकोपरच्या कोणत्याही चाळीत समजेल, आणि ते शास्त्रदृष्ट्या अचूकही आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. महाराष्ट्रात ‘बधिर’ हा शब्द कुष्ठरोगाच्या प्रचारसाहित्याने घरोघर नेला. अंगावरचा फिकट किंवा लालसर ‘बधिर चट्टा’ म्हणजे त्या रोगाची खूण, ही शिकवण भिंतींवरील मजकुरातून आणि आरोग्यसेवकांच्या तोंडून पिढ्यान् पिढ्या दिली गेली. वडाळ्याचे ॲकवर्थ रुग्णालय असो की वरोड्याजवळचे आनंदवन, बधिर पावलाचे मराठी समाजाला घडलेले दर्शन हे झिजलेल्या बोटांचे आणि न भरणाऱ्या जखमांचे आहे. येथील शरीरशास्त्राचा योगायोगही ध्यानात घेण्याजोगा आहे: आतल्या घोट्याच्या मागून तळव्याकडे जाणारा जो टिबियल मज्जातंतू कुष्ठरोगात वारंवार बाधित होतो, त्याच मज्जातंतूशी, त्याच ठिकाणी, घोट्याचा ब्लॉक देणारी सुई थांबते. १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून वेल्लोरला कुष्ठरुग्णांच्या हातापायांवर काम करणाऱ्या पॉल ब्रँड ह्यांनी एक गोष्ट आग्रहाने मांडली होती: बोटे रोगाने थेट गळून पडत नाहीत, वेदना नसल्यामुळे पाऊल भाजते, ठेचाळते, काटा रुततो, आणि माणूस त्यावर चालतच राहतो. वेदना ही पहारेकरीण आहे. तिला काही तासांची रजा द्यावयाची, तर तेवढ्या तासांचा पहारा दुसऱ्या कोणीतरी केला पाहिजे. ‘पाय बधिर होईल’ हे वाक्य भीती तेवढी जागवते. पहाऱ्याची सूचना मात्र देत नाही. शेक घेऊ नये, पाऊल टेकू नये, बोटांचा रंग पाहत राहावा, ह्या गोष्टी त्या शब्दाच्या पोटात नाहीत; त्या वेगळ्या वाक्यांनी सांगाव्या लागतात.

‘नर्व्ह’ ह्या शब्दाची कथा आणखी करमणुकीची झाली असती, जर तिचे परिणाम गंभीर नसते. ‘मज्जातंतू’, ‘चेतातंतू’, ‘तंत्रिका’ असे तीन प्रतिशब्द आपल्या पाठ्यपुस्तकांत आणि कोशांत वेगवेगळ्या काळी प्रतिष्ठा पावले, आणि आयुर्वेदाची ‘नाडी’ चौथी. बोलीत मात्र एकच शब्द आहे, तो म्हणजे ‘नस’, आणि त्याला शिरेपासून मज्जातंतूपर्यंत सर्व काही चालते. आता ‘नस’ आणि ‘ब्लॉक’ हे दोन शब्द एकत्र आणून पाहावे. हृदयविकाराच्या चर्चेमुळे ‘नस ब्लॉक झाली’ ह्याचा अर्थ उपनगरातील प्रत्येक माणसाला ठाऊक आहे: रक्ताचा प्रवाह थांबला, जिवावर बेतले. ‘आपल्या पायाची नस ब्लॉक करण्यात येईल’ हे वाक्य वाचून एखाद्या मधुमेही गृहस्थाने सही नाकारली, तर त्याला अडाणी ठरविण्याचा अधिकार त्या वाक्याच्या लेखकाला पोहोचत नाही. त्याने वाक्याचा मराठी अर्थ बरोबर लावला. वाक्यच चुकीचे लिहिले होते.

मग ‘तंत्रिका-अवरोध’ असा शुद्ध शब्द योजावा काय? भाषाशुद्धीचा हा जुना वाद येथे पुन्हा उकरण्याचे कारण नाही. सावरकरांचा आग्रह आणि माधव जूलियन ह्यांनी १९३८ च्या ‘भाषाशुद्धि-विवेक’ ह्या ग्रंथात केलेले विवेचन हे दोन्ही आपल्या परिचयाचे आहे. १९६० मध्ये स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाने परिभाषेचे जे प्रचंड काम उभे केले, त्याचे मोलही कमी लेखण्याचा हेतू नाही. परिभाषा ही तज्ज्ञाने तज्ज्ञाशी बोलण्यासाठी आवश्यकच असते. परंतु संमतिपत्रात तज्ज्ञ अतज्ज्ञाशी बोलत असतो. तेथे प्रश्न शब्द कोणत्या कुळातला हा नसून तो वाचकाच्या मनात कोणते चित्र उभे करतो, हा आहे. ह्या दृष्टीने ‘ब्लॉक’ ह्या शब्दाला मुंबईत एक अनपेक्षित साहाय्य उपलब्ध आहे, ते म्हणजे रविवारचा ‘मेगाब्लॉक’. ठरावीक मार्ग, ठरावीक तास, तेवढ्या वेळात गाड्या बंद. वेळ संपली की वाहतूक पूर्ववत, आणि पहिल्या काही गाड्यांना तुडुंब गर्दी. ठाण्याच्या अलीकडे राहणाऱ्या माणसाला ही कल्पना शिकवावी लागत नाही. कालमर्यादा आणि उलटलेली कळ ह्या दोन्ही गोष्टी ह्या एका परिचित शब्दात सामावलेल्या आहेत. अर्थात उपमा ही उपमाच होय: मेगाब्लॉकची वेळ वर्तमानपत्रात छापून येते, मज्जातंतूच्या ब्लॉकची वेळ माणसागणिक बदलते. एवढी मर्यादा सांगून हा शब्द वापरण्यात कोणतीही हानी दिसत नाही.

शेवटी ‘पाय’ हा शब्द. मराठीत मांडीच्या मुळापासून बोटांच्या टोकापर्यंत सारा ‘पाय’च. ह्या संदिग्धतेमुळे घोट्याच्या ब्लॉकनंतर पोटरीला चिमटा कळला, तर रुग्णाला आश्चर्य वाटते. उलट लवणीतल्या ब्लॉकनंतर घोटा आणि बोटे हलेनाशी झाली, तर पाय ‘गेला’ असे वाटून तो हबकतो. मराठीजवळ पाऊल, चवडा, टाच, तळवा, घोटा, नडगी, पोटरी, लवण असे नेमके शब्द असताना ‘पाय’ ह्या एका शब्दावर समाधान मानणे ही भाषेची गरिबी नव्हे; लेखकाचा आळस होय.

४

शब्दांकडून वाक्यांकडे वळावे. संमतिपत्राचे व्याकरण दोन परस्परविरोधी प्रवृत्तींनी बनलेले असते. जबाबदारी रुग्णाची असेल तेथे वाक्य प्रथमपुरुषी आणि कर्तरी असते: मी समजून घेतले आहे, मी मान्य करतो, मी तक्रार करणार नाही. कृती रुग्णालयाची असेल तेथे तेच वाक्य कर्मणी होते आणि कर्ता नाहीसा होतो: इंजेक्शन दिले जाईल, धोके समजाविण्यात आले आहेत. कोणी दिले, कोणी समजाविले, हे वाक्यातून कळत नाही. कथेतील निवेदकाचा विचार करताना ‘हा मी कोण?’ असा प्रश्न आपण विद्यार्थ्यांना विचारावयास शिकवतो. तो प्रश्न येथे विचारला, तर उत्तर असे मिळते, की हा ‘मी’ रुग्णाने उच्चारलेला नसून त्याला उसना दिलेला आहे. ‘मला समजेल अशा भाषेत सर्व माहिती देण्यात आली’ ह्या प्रसिद्ध वाक्यात तर ही विसंगती टोकाला जाते. ते वाक्य आपल्या स्वतःच्या यशाची ग्वाही स्वतःच देते. भाषा समजली की नाही, हे समजणाऱ्याने सांगावयाचे असते. येथे ते आधीच छापून ठेवलेले आहे.

हा केवळ शैलीचा प्रश्न नव्हे. १६ जानेवारी २००८ रोजी समीरा कोहली प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने संमतीचा जो निकष घालून दिला, त्यात उपचाराचे स्वरूप, हेतू, लाभ, पर्याय आणि महत्त्वाचे धोके ह्यांची पुरेशी माहिती रुग्णाला मिळाली पाहिजे, ही अपेक्षा स्पष्ट आहे. माहिती ‘पुरेशी’ आहे की नाही हे ठरविण्यासाठी प्रथम ती वाक्यात असावी लागते. ‘क्वचित प्रसंगी मज्जातंतूला इजा होऊ शकते’ ह्या वाक्यात ती आहे काय? ‘क्वचित’ ह्या शब्दात दहांतला एक मावतो आणि दहा हजारांतला एकही मावतो. ब्लॉकनंतर काही दिवस किंवा आठवडे एखाद्या भागात मुंग्या अथवा जडपणा राहणे हे अधूनमधून घडते आणि बहुधा आपोआप बरे होते. दीर्घकाळ टिकणारी इजा मात्र दहा हजारांत दोन-चार अशा प्रमाणात सांगितली जाते. हे दोन अगदी भिन्न धोके आहेत, आणि एका क्रियाविशेषणाने दोघांना झाकले आहे. एवढा आकडा सांगितल्याने रुग्ण घाबरेल, अशी शंका कोणी घेईल. परंतु आकड्याची भीती मोजता येते. ‘क्वचित’ची भीती मोजता येत नाही, आणि म्हणून ती रात्री अधिक मोठी होते.

ह्या गद्यातील सर्वांत मोठा दोष मात्र त्यात असलेल्या शब्दांचा नसून त्यात नसलेल्या वाक्यांचा आहे. संमतिपत्राचा काळ शस्त्रक्रियागृहाच्या दारापाशी संपतो. ब्लॉकचा काळ त्यानंतर सुरू होतो. सकाळी अकराला दिलेला ब्लॉक मध्यरात्रीनंतर कधीतरी उतरू लागतो. रुग्ण तोवर वॉर्डात झोपलेला असतो, किंवा त्याला त्याच संध्याकाळी मुलुंडच्या तिसऱ्या मजल्यावरील घरी पाठविलेले असते. दिवसभर दुखले नाही म्हणून त्याने वेदनाशामक गोळ्या घेतलेल्या नसतात. ‘दुखत नसताना गोळी कशाला?’ हा घरातील वडीलधाऱ्यांचा तर्क सर्वपरिचित आहे. मग उलटलेली कळ येते, आणि ती अंगावर एकदम येते. पहिल्या गोळीला गुण येण्यास वेळ लागतो. तेवढ्या वेळात घरातल्यांची खात्री होते, की शस्त्रक्रिया बिघडली. ही सारी यातना ‘कळ सुरू होण्याची वाट न पाहता गोळ्या वेळेवर घ्याव्यात’ ह्या एका वाक्याने पुष्कळ कमी होते. ते वाक्य लिहिण्यास न पैसा लागतो, न यंत्र. लागतो तो वाचकाच्या रात्रीचा विचार करणारा लेखक.

५

येथे वेदनेच्या मराठी शब्दसंपत्तीचा विचार अपरिहार्य होतो. १९७५ मध्ये रोनाल्ड मेलझॅक ह्यांनी मॅकगिल विद्यापीठाच्या नावाने ओळखली जाणारी वेदनाविषयक प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिच्यात वेदनेची अठ्ठ्याहत्तर विशेषणे वीस गटांत लावलेली आहेत. रुग्ण कोणता शब्द निवडतो, ह्यावरून वेदनेच्या जातीचा अंदाज बांधता येतो, ही त्यामागची दृष्टी. आपल्या वॉर्डांतून मात्र ‘शून्य ते दहा ह्यांपैकी किती दुखते?’ हा एकच प्रश्न रूढ होऊ पाहत आहे. तो सोयीचा आहे, हे मान्य. पण त्याने मराठी रुग्णाच्या तोंडचे शब्द गिळून टाकले. ठणका, ठसठस, कळ, सणक, चमक, आग, मुंग्या, हुळहुळ, आवळ, वांब: हे एकमेकांचे पर्याय नव्हेत. जखमेचा ठणका निराळा. मज्जातंतू जागा होताना येणाऱ्या मुंग्या निराळ्या; त्याला इजा झाली असता होणारी आग आणि सणक ह्यांहून निराळी. आणि पट्टीच्या किंवा प्लॅस्टरच्या आत पोटरी दगडासारखी ताठून आवळल्यासारखी वाटणे हे तर सर्वांत निराळे, कारण स्नायूंच्या कप्प्यातील दाब वाढून रक्तपुरवठा तुटू लागल्याचे ते लक्षण असू शकते, आणि तेथे काही तासांचा विलंब पाय गमाविण्यास पुरेसा होतो.

ब्लॉकवर घेतला जाणारा सर्वांत गंभीर वैद्यकीय आक्षेप नेमका हाच आहे, की ह्या भयसूचक वेदनेला तो झाकून टाकील. ह्या प्रश्नावर शल्यवैद्य आणि भूलतज्ज्ञ ह्यांच्यात मतभेद आहेत, आणि त्यांचा निवाडा भाषेच्या अभ्यासकाने करावयाचा नाही. परंतु ब्लॉक असतानाही जी वेदना त्यातून फुटून वर येते, ती गंभीरपणे घेतली पाहिजे, ह्याविषयी दोन्ही पक्षांत दुमत नाही. अशा वेळी रुग्णाने ‘सात’ म्हणण्यापेक्षा ‘ठणका नाही, पण आत कोणीतरी आवळतंय’ असे म्हणणे अधिक मोलाचे आहे. भाषेने दिलेले हे निदानसाधन आपण होऊन टाकून देणे शहाणपणाचे नाही.

६

ह्या विवेचनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला, की संमती ही मुख्यतः संवादाने मिळते, कागदाने नव्हे. चांगला डॉक्टर हे सारे तोंडी सांगतोच. हे खरे आहे. परंतु गर्दीच्या वॉर्डात तोंडी बोलणे अल्पकाळ टिकते. रात्री दोन वाजता नातेवाइकाच्या हातात उरतो तो कागद. दुसरा आक्षेप असा, की कायद्याच्या दृष्टीने संरक्षक अशी भाषा रुक्षच असणार. ह्याला उत्तर असे, की रुक्षता आणि संदिग्धता ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. बीअरचा वृत्तान्त रुक्ष आहे. तो संदिग्ध नाही. संदिग्ध वाक्य न्यायालयातही लेखकाचे संरक्षण करीत नाही.

केवळ दोषदर्शनाने समीक्षेचे काम पुरे होत नाही. म्हणून वरील कसोट्यांना उतरेल अशा मजकुराचा एक मसुदा येथे देतो. तो वैद्यकीय आदेश नसून भाषेचा नमुना आहे. त्यातील तपशील प्रत्येक रुग्णापुरते डॉक्टरांनीच भरावयाचे आहेत.

‘शस्त्रक्रियेनंतर आपला घोटा दुखू नये म्हणून आम्ही गुडघ्याच्या मागे, लवणीत, एक इंजेक्शन देणार आहोत. वेदनेची खबर मेंदूकडे नेणाऱ्या मज्जातंतूचे काम त्याने काही तास बंद राहील. रक्ताचा प्रवाह बंद होणार नाही. ह्या इंजेक्शनाने झोप लागत नाही. हात लावलेला, दाबलेला कदाचित कळेल. कळ येणार नाही. घोटा आणि बोटे काही तास नीट हलणार नाहीत. ह्यात घाबरण्यासारखे काही नाही, पण आधाराशिवाय उभे राहू नका आणि पाऊल टेकू नका. पावलाला गरम पाण्याची पिशवी लावू नका. ते भाजले तरी आपल्याला कळणार नाही. पाऊल उशीवर उंच ठेवा. इंजेक्शनाचा परिणाम रात्री किंवा पहाटे उतरेल आणि तेव्हा दुखू लागेल. त्याची वाट न पाहता लिहून दिलेल्या गोळ्या लिहिलेल्या वेळीच घ्या. बोटे निळी किंवा थंड पडली, पट्टीच्या आत आवळल्यासारखे वाटू लागले, किंवा गोळी घेऊनही कळ वाढतच गेली, तर सकाळची वाट न पाहता ताबडतोब या. दुसऱ्या दिवसानंतरही मुंग्या किंवा जडपणा राहिला, तर आम्हांला सांगा. असे बहुधा आपोआप बरे होते. कायमची इजा दहा हजारांत दोन-चार जणांना होते. हे इंजेक्शन नको असेल, तर नको म्हणण्याचा आपल्याला अधिकार आहे. मग वेदनेसाठी दुसरी औषधे देऊ.’

ह्या मजकुरात एकही अवघड शब्द नाही. त्यातील ‘आम्ही’ हा कर्ता लपत नाही आणि ‘आपण’ हा वाचक सतत समोर असतो. शेवटच्या वाक्यात नकाराचा पर्याय उघड सांगितला आहे, कारण ज्या संमतीत नकाराला जागा नाही ती संमती नव्हे.

मराठी विभागांनी आणि वैद्यकीय महाविद्यालयांनी एकत्र बसून असे मजकूर सिद्ध करावेत, ते वॉर्डात मोठ्याने वाचून दाखवावेत, आणि ऐकणाऱ्याला ‘तुम्हांला काय समजले ते सांगा’ असे विचारून त्याच्या उत्तराप्रमाणे वाक्ये दुरुस्त करावीत. १९६४ च्या राजभाषा अधिनियमाने मराठीला शासनव्यवहारात स्थान दिले. त्या स्थानाची योग्यता मात्र अधिनियमाने मिळत नाही, ती वाक्यावाक्याने कमवावी लागते. पदव्युत्तर वर्गात आपण अर्थनिर्णयनाच्या नाना उपपत्ती शिकवितो. त्या उपपत्तींना घोटा मोडलेल्या एका माणसाची एक रात्र थोडी सुसह्य करता आली, तर त्यांची कसोटी लागली असे म्हणता येईल.